अर्ध्यावरची भेट

१

थोरला सकाळीच माल पोचवायला परगावी गेला होता. धाकट्याच्या ड्रिल मशीनचा पट्टा घसरत होता, म्हणून धाकटा त्या दिवशी थोरल्याच्या मशीनवर उभा होता. तोंडाला मास्क, डोळ्यांवर चष्मा, वाईसच्या जबड्यात आवळलेला पांढरा ठोकळा, बिटावर पाण्याची बारीक धार आणि खालच्या ट्रेमध्ये साचत चाललेलं दुधासारखं पाणी. लोखंडाचा कीस निघतो, पितळेचे तुकडे उडतात. या मालाची मात्र नुसती भुकटी होते. ती केसांत बसते, भुवयांत बसते, कानाच्या पाळीमागे जाऊन बसते. शेजारचा वेल्डर म्हणायचा, "हे दोघे भाऊ म्हातारपणाची वाट बघत नाहीत. रोज संध्याकाळी म्हातारे होऊनच घरी जातात."

माल तसा चमत्कारिकच. दिसायला चिनीमाती, जातीने काच. पहिला ठोकळा हातात ठेवताना थोरल्याने सांगितलं होतं, "काच आहे, पण पोटात अभ्रकाचे पापुद्रे आहेत. तडा निघतो आणि पहिल्याच पापुद्र्याला धडकून गप बसतो. म्हणून आपल्या साध्या मशीनवर चालतं हे. नंतर भट्टीत घालायला नको, हिऱ्याचं हत्यार नको. फक्त घाई नको."

घाई नको आणि एका दमात आरपार नको. एकाच बाजूने भोक पार नेलं की बिट बाहेर पडताना पलीकडची कड उडते. नखाएवढी कपची जाते आणि सगळा ठोकळा भंगारात. म्हणून अर्धं भोक एका बाजूने पाडायचं आणि ठोकळा उलटा करून उरलेलं अर्धं दुसऱ्या बाजूने. पहिली बाजू थोरल्याची, दुसरी धाकट्याची. दोन मशीनच्या मधोमध एक उघडं रॅक होतं. कोरे ठोकळे धाकट्याच्या डाव्या हाताला, थोरल्याची बाजू झालेले उजव्या हाताला. ठोकळ्याच्या पोटात दोन्ही भोकं एकमेकांना मिळाली की आवाज बदलायचा. दाट कुरकुर एकदम पोकळ व्हायची, हातातलं हँडल हलकं पडायचं. त्या क्षणाला दोघांचा स्वतःचा शब्द होता.

"भेट झाली?" थोरला पाठमोराच ओरडायचा.

"झाली."

मोटरच्या आवाजात आणि मास्कमध्ये एवढंच बोलणं भागायचं. बाकीचं पान्याने. मशीनच्या खांबावर पाना एकदा आपटला तर 'ये, चालू दे'. दोनदा आपटला तर 'थांब'.

फोन वाजला तेव्हा बिट भोकात होतं. थोरल्याचाच नंबर. धाकट्याने बिट वर घेतलं, मशीन बंद केलं, मास्क खाली ओढला. "हं, बोल दादा. पोचलास?"

पलीकडे भलताच आवाज होता. "हा फोन ज्यांचा आहे ते तुमचे कोण?"

"भाऊ. थोरला."

त्या माणसाने शांतपणे, मधूनमधून घसा साफ करत, सगळं सांगितलं. स्टँडवरचा बाक, बसल्या बसल्या कललेली मान, लोकांनी शिंपडलेलं पाणी. धाकटा "बरं" म्हणाला. पत्ता नीट ऐकून घेतला, पुन्हा "बरं" म्हणाला. फोन खिशात ठेवला. मग त्याने मास्क वर ओढला, मशीन सुरू केलं आणि राहिलेलं भोक पुरं करायला घेतलं. भोक अर्धवट सोडलं की भुकटी वाळून घट्ट बसते, एवढं हाताला ठाऊक होतं. बाकीचं हातापर्यंत अजून पोचलं नव्हतं.

कुरकुर पोकळ झाली. हँडल हलकं पडलं.

"झाली!" तो मोठ्याने म्हणाला, आणि कुणीच विचारलं नव्हतं हे त्याच्या ध्यानात आलं.

२

घरातली माणसं ओसरल्यावर तो पुन्हा वर्कशॉपमध्ये आला. शटर वर करताना खांद्यातून कळ आली. एरवी एका बाजूला थोरल्याचा हात असायचा.

ट्रेमधलं पाणी आटून तळाशी पांढरी भेगाळलेली साय बसली होती. वाईसमध्ये तो ठोकळा तसाच होता. धाकट्याने तो सोडवला, धुतला, फडक्याने पुसला आणि उलटा केला.

थोरल्याच्या बाजूला एकच भोक होतं. बाकी सगळी बाजू कोरी, गुळगुळीत.

थोरला असं कधी करत नसे. तो आधी सगळ्या खुणा आखायचा, मग एका ओळीने सगळी भोकं पाडायचा आणि ती झाल्याशिवाय वाईस सैल करायचा नाही. धाकट्याने रॅककडे पाहिलं. उजवीकडची चळत भरलेली होती. थोरल्याने जाण्याआधी रचून ठेवली होती तशी, एकही न हललेली. मग हा ठोकळा आला कुठून?

मग त्याच्या लक्षात आलं आणि तो जवळजवळ हसला. तो थोरल्याच्या मशीनवर उभा होता. रॅक दोन्ही बाजूंनी उघडं. तिकडून बघितलं की डावं ते उजवं होतं. त्याने सवयीने उजवा हात लांब केला होता आणि कोरा ठोकळा उचलला होता. थोरला असता तर संध्याकाळपर्यंत टोमणे मारले असते.

पण कोरा ठोकळा म्हणजे पलीकडून काहीच झालेलं नाही. मग भेट कुणाशी झाली?

त्याने स्वतःची समजूत घातली. बातमी ऐकून डोकं ठिकाणावर नव्हतं. आपणच एका बाजूने थेट पार गेलो असणार. माणूस अशा वेळी काय करतो ते त्याचं त्याला कळत नाही.

तो खिडकीपाशी गेला. पार गेलं असतं तर कड उडाली असती. त्याने भोकाच्या कडेवरून नख फिरवलं. कुठेही अडलं नाही. मग त्याने टोक वाकवलेली तार भोकात घातली आणि अलगद ओढली. बरोब्बर मधोमध तार किंचित अडखळली. दोन बाजूंनी आलेली भोकं जिथे मिळतात तिथे अशीच पुसट कड राहते, केस आडवा पडावा तशी.

त्याने तार पुसली आणि जागेवर टांगून ठेवली.

३

वहिनी दुपारी डबा घेऊन आली. डबा हे निमित्त होतं. तिला घरात बसवत नव्हतं.

"पट्टा बदलला का तुमच्या मशीनचा?" आल्या आल्या तिने विचारलं.

"बदलला."

"हे किती दिवस सांगत होते, धाकट्याला म्हणावं पट्टा बदल. तुम्ही आपले उद्या, उद्या." ती थोरल्याच्या स्टुलावर बसायला गेली, थांबली आणि खोक्यावर बसली. "जेवा. भाजी जरा खारट झालीये. माझं लक्ष नसतं हल्ली."

"तुमची भाजी खारटच असते, वहिनी. दादा घाबरून बोलायचा नाही."

ती हसली. हसता हसता पदराने नाक पुसलं. मग बराच वेळ ती थोरल्याच्या मशीनवरची भुकटी बोटाने एका जागी गोळा करत राहिली.

"त्या दिवशी चहा न घेता गेले," ती म्हणाली. "मी करून झाकून ठेवला होता. आदल्या दिवशी आमची जरा बोलाचाली झाली होती. त्या रागाने गेले, की गाडी चुकेल म्हणून गेले? एवढंच विचारायचंय मला, भावजी. दुसरं काही नाही."

"गाडीसाठीच गेला असेल."

"तुम्हाला काय माहीत?"

तो जेवत राहिला.

टक.

बारीक आवाज. पाना खांबावर टेकवावा तेवढाच. दोघांनीही मान वर केली.

"कोण?" वहिनीने विचारलं.

"पत्रा. ऊन तापलं की वाजतो."

"पत्रा वर असतो," वहिनी म्हणाली. ती रॅककडे बघत होती. डाव्या बाजूच्या कोऱ्या ठोकळ्यांकडे.

४

उजवीकडची चळत त्याने आधी संपवली. थोरल्याने अर्ध्यापर्यंत आणून ठेवलेली भोकं. प्रत्येक भेट मधोमध, घड्याळ लावल्यासारखी. असली पक्की भेट यापुढे मिळणार नाही, हे ठाऊक असल्यामुळे तो हँडल जरा जास्तच सावकाश ओढत होता. शेवटचा ठोकळा झाल्यावर तो मास्क न काढताच थोडा वेळ उभा राहिला.

मग कोरे. आता दोन्ही बाजू त्यालाच करायच्या होत्या.

त्याने ठोकळा दोन्ही बाजूंनी तपासला, खाली लाकडी फळी घेतली, रबराच्या पट्ट्या लावून वाईस बेताने आवळला. अर्ध्या खोलीवर हँडल अडावं म्हणून मशीनचा स्टॉप बांधला. पाणी सोडलं.

हँडल स्टॉपला टेकायच्या किंचित आधीच हलकं पडलं.

त्याने मशीन बंद केलं. ठोकळा सोडवून उलटा केला. मघाशी कोऱ्या असलेल्या बाजूला स्वच्छ, गोल, न तुटलेल्या कडेचं भोक होतं. खालच्या फळीवर ओली पांढरी भुकटी होती. भुकटी पुसली तर लाकडावर ओरखडासुद्धा नव्हता.

माणसाने इथे बाहेर पळायला हवं होतं. निदान वेल्डरला हाक मारायला हवी होती. धाकटा स्टुलावर बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मास्कच्या आत गेलं. भीती नव्हती असं नाही. पण भीतीच्या आधी एक गोष्ट त्याच्यापाशी येऊन पोचली होती. कुणीतरी पलीकडून काम करत होतं.

"दादा," तो म्हणाला.

टक.

'ये, चालू दे.'

तो कामाला लागला. एकामागून एक कोरे ठोकळे बांधत गेला. काही दिवस वर्कशॉप पूर्वीसारखं चाललं. तो सकाळी लवकर यायचा, डबा खायला विसरायचा. वेल्डरने शटरमधून डोकावून विचारलं, "एकटाच बडबडतोस काय रे? की भिंतीला काम शिकवतोस?" धाकटा हसला. वहिनीला त्याने सांगितलं नाही, पण ती बघून समजली. एके दुपारी ती त्याच्यामागे येऊन उभी राहिली. भोक पडताना पाहिलं, उलटा केलेला ठोकळा हातात घेऊन पाहिला. दुसऱ्या दिवसापासून डबा दिल्यावर ती परत जायची नाही, तिथेच बसून राहायची.

एक गोष्ट मात्र धाकट्याने मनाशीच ठेवली. तीही आधी नीट ध्यानात आली नव्हती.

भेट अलीकडे सरकत होती.

पहिल्या कोऱ्या ठोकळ्यात ती जवळपास मधोमध होती. पुढच्यात जरा आधी. त्याच्या पुढच्यात हँडल निम्म्याच्या निम्मं जायच्या आतच हलकं पडलं. हल्ली तर बिट पांढऱ्यात टेकून नीट चावायच्या आत खालचं पोकळ लागायचं. पलीकडून येणारा त्याच्या बाजूला येत चालला होता.

सवयीने होत असेल, त्याने स्वतःला सांगितलं. दादाचा हात माझ्यापेक्षा चलाख. त्याला घाई झाली असेल.

पण थोरल्याला घाई? लहानपणी दोघांत एक खोली होती. थोरल्याने जमिनीवर खडूने रेघ ओढली होती आणि झाडताना तो त्या रेघेपर्यंतच झाडायचा. आई चिडायची. तो म्हणायचा, "अर्धं माझं, अर्धं त्याचं. त्याच्या अर्ध्यात मी पाऊल टाकणार नाही." मोठेपणीही तेच. एवढ्या वर्षांत त्याचं बिट मधल्या रेघेपलीकडे कधी केसभर गेलं नव्हतं. धाकट्याचं जायचं, आणि मग ऐकून घ्यावं लागायचं.

हे आठवलं तेव्हा धाकट्याचा हात हँडलवर होता. पाणी चालू होतं, बिट फिरत होतं. त्याने ते बराच वेळ नुसतं फिरू दिलं.

५

शेवटच्या ठोकळ्याचं शेवटचं भोक राहिलं, त्या दिवशी वहिनी केस नीट विंचरून आली होती. सोबत थर्मास होता. तो तिने थोरल्याच्या मशीनशेजारी ठेवला आणि शेजारी एक कप पालथा घातला.

"हे शेवटचं ना?"

"शेवटचं."

"मग आज विचारते."

"वहिनी, आज राहू द्या. उद्या..."

"तुमचं उद्याच असतं." ती रागावली नव्हती. "नवीन माल केव्हा येईल तेव्हा येईल. तोवर ते थांबतील कशावरून? पाडा, भावजी."

भर दुपार होती. छताच्या काचेतून पडलेला उजेडाचा चौकोन त्याच्या पायांपाशी होता. बाहेर वेल्डरचा ग्राइंडर चालू झाला आणि बंद पडला. धाकट्याने ठोकळा बांधला. मास्क लावला. बिट खुणेच्या अगदी वर आणलं आणि पाणी सोडण्याआधी नेम बघायला खाली वाकला.

खुणेभोवतीचा पांढरा रंग बाकीच्या पांढऱ्यासारखा नव्हता.

भोकाएवढाच एक गोल. हा माल पापुद्र्याएवढा पातळ राहिला की त्यातून उजेड पाझरतो. थोरला कधीकधी पातळ कपची खिडकीशी धरून दाखवायचा, बघ, नखासारखी दिसते. हा गोल तसा दिसत होता. मागून उजळलेला, किंचित पिवळसर. धाकट्याने अजून बिट टेकवलंही नव्हतं. पलीकडून सगळं काम झालेलं होतं. सगळं. वर फक्त कातडं राहिलं होतं.

ठोकळ्याखाली लाकडी फळी होती. फळीखाली लोखंडी टेबल. उजेड यायला तिथे जागाच नव्हती.

"काय झालं?" वहिनीने विचारलं.

तो आणखी खाली वाकला. भेट झाली की थोरला एक करायचा. ठोकळा वर उचलून भोकाला डोळा लावायचा आणि त्यातून धाकट्याकडे बघायचा. दरवेळी. धाकटा वैतागायचा आणि थोरला हसायचा.

गोलाच्या एका कडेला अंधार आला. तो हळूहळू आत सरकला, गोलाच्या मधोमध आला आणि तिथे स्थिर झाला. वाटोळा, काळा. डोळा लावल्यावर दिसावा तसा.

मग तो पापणी मिटल्यासारखा मिटला. मिटल्यावरची फट आडवी नाही. उभी.

टक, ठोकळ्यातून आवाज आला. बोटांना तो जाणवला. 'ये.'

"बोलावतायत," वहिनी हळूच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवसानंतर प्रथमच थोडं रक्त दिसत होतं. "ऐकलंत ना? भावजी, बोलावतायत हे. पाडा की."

टक. 'ये.'

धाकट्याचा हात हँडलवर गेला. एवढुसं ओढायचं होतं. बिटाचीसुद्धा गरज नव्हती, अंगठ्याने दाबलं असतं तरी फुटलं असतं. पलीकडे दादा असेल तर? डोळ्यांचं काय, माणूस काहीही बघतो. रेघेचं काय, मेल्यावर कसली रेघ. वहिनी मागे उभी होती. तिला एकच प्रश्न विचारायचा होता.

टक. आता जरा जोरात.

आणि मग मागून, थोरल्याच्या बंद मशीनच्या खांबावर, टक टक.

धाकट्याने वळून पाहिलं. वहिनी आधीच वळली होती. थोरल्याच्या मशीनपाशी कुणी नव्हतं. थर्मास होता, पालथा कप होता. खांबाच्या खिळ्याला टांगलेला पाना हलत होता. एवढासा हलत होता, आणि वारा नव्हता.

वहिनी कितीतरी वेळ त्या पान्याकडे बघत राहिली. तो थांबला तरी बघत राहिली.

"दोन म्हणजे थांब ना?" तिने विचारलं.

त्याने मानेनेच हो म्हटलं.

"मग तिकडे कोण आहे?"

धाकट्याने हँडल सोडलं. ठोकळ्यातून एक लांब, बारीक कुरकुर आली, कुणी आतून नख फिरवावं तशी. मग तीही थांबली.

वहिनीने कप सुलटा केला. थर्मासमधला चहा त्यात ओतला, थोरल्याच्या स्टुलावर ठेवला आणि दाराकडे निघाली. जाताना एवढंच म्हणाली, "रागाने नव्हते गेले."

६

बाकीचा माल गेला. घेणाऱ्या कंपनीच्या इंजिनीअर बाई खूश होत्या. फोनवर म्हणाल्या, इतक्या स्वच्छ कडा पूर्वी कधी आल्या नव्हत्या. मग त्यांनी विचारलं, "एक कमी आहे ना?"

"एक राहिलाय," धाकटा म्हणाला.

"तडा गेला का?"

"नाही. तडा नाही."

वेल्डर अजून त्याला धाकट्याच म्हणतो. थोरला नसताना धाकटा कसला, असं एकदा त्याला म्हणावंसं वाटलं होतं, पण त्याने म्हटलं नाही. त्याने जमिनीवर खडूने मधोमध रेघ ओढली आहे. झाडताना तो तिच्या अलीकडेच झाडतो. नवीन माल आला आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजू तो एकटा करतो. भेट मधोमध होते. ती त्याची त्याच्याशीच असते.

तो ठोकळा रॅकच्या खालच्या फळीवर आहे. खुणेची बाजू भिंतीकडे, त्यावर एक जाड लोखंडी पट्टी, पट्टीवर क्लॅम्प आवळलेला. अधूनमधून तिथून टक येते, एकच. त्याने ती ऐकली की तो थोरल्याच्या मशीनकडे बघतो. तिथून काही येत नाही. तिकडून एकदा सांगून झालं आहे.

त्या ठोकळ्याचं शेवटचं भोक पाडायचं राहिलं आहे.